डावीकडून उजवा खांदा

पंखा पुसायला काय लागतं, असं मी त्या रविवारी सकाळी म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती 'त्याला काय लागतं' याच वाक्यापासून सुरू झालेल्या आहेत. खरं तर पंखा पुसायची मला काडीची हौस नव्हती. पण बायको म्हणाली, राहू द्या, परवा माझा भाऊ येणारच आहे, तो पुसेल. हा माझा मेहुणा माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे, रोज पहाटे धावतो आणि आमच्याकडे आला की न सांगता काहीतरी दुरुस्त करून जातो. गेल्या खेपेला त्याने नळ दुरुस्त केला, तर बायको आठवडाभर त्या नळाकडे कौतुकाने बघत होती. आता पंखाही त्याच्या खात्यात गेला असता, तर या घरात दारावरची पाटी तेवढी माझी उरली असती.

तेव्हा मी स्टुलावर चढलो. दोन पाती चकचकीत पुसली. तिसऱ्या पात्याला हात घालताना स्टूल हललं (बायकोचं म्हणणं मी हललो, स्टूल जागच्या जागी होतं) आणि तोल सावरायला मी उजव्या हाताने पडद्याचा दांडा धरला. चौपन्न वर्षांचा, ब्याऐंशी किलोंचा मी क्षणभर एका हातावर लोंबकळलो. खांद्यात कट् असा आवाज झाला. दांडा तुटला असणार म्हणून मी वर पाहिलं, तर दांडा शाबूत होता. म्हणजे जे काही तुटलं होतं ते माझ्यातलं होतं.

"काय पडलं?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो, आणि ही थाप पुढे पाच आठवडे चालवली.

का चालवली, तर मी भित्रा आहे. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे ते तुमच्या लक्षात येणारच आहे. डॉक्टरकडे गेलं की आजार सापडतो, असं माझं पहिल्यापासूनचं मत आहे. माणूस घरी बसून राहिला तर निदान काय झालंय ते तरी कळत नाही. शिवाय मेहुण्याच्या वाटचा पंखा पुसायला जाऊन हात मोडला, हे वाक्य बायकोच्या हाती देणं म्हणजे पुढची वीस वर्षं ते ऐकत बसणं.

तर मी सगळी कामं डाव्या हाताने करायला लागलो. डावा हात बिचारा गुणी. आजवर त्याने घड्याळ बांधून घेण्यापलीकडे काही केलं नव्हतं, पण वेळ आल्यावर त्याने पिशव्या उचलल्या, दारं उघडली, दाढी केली (हनुवटीवर अजून खूण आहे) आणि केससुद्धा विंचरले. भांग मात्र उजवीकडून डावीकडे गेला. बायकोने माझ्याकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, की ऑफिसात कोणी नवीन आलंय का. मी नाही म्हणालो, पण ज्या घाईने म्हणालो ती घाई तिला आवडली नाही.

ऑफिसात नवीन कोणी येत नाही. आमचं खातं जुन्या फोटोंचं आहे. उद्घाटनं, समारंभ, सत्कार, पूर, नवे पूल असे हजारो फोटो आमच्या कपाटांत आहेत, आणि प्रत्येक फोटोखाली कोण कुठे उभं आहे ते लिहिणं हे माझं सव्वीस वर्षांचं काम. 'डावीकडून तिसरे', 'उजवीकडे बसलेल्या'. त्यातली डावी-उजवी बघणाऱ्याची. फोटोतल्या माणसाला स्वतःचा डावा हात कुठला वाटतो, याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एकदा फोटोतल्या माणसाच्या बाजूने विचार केला होता, आणि एका मंत्र्याला त्याच्या कट्टर वैऱ्याचं नाव चिकटवून बसलो होतो. साहेबांनी तेव्हा जे सुनावलं, त्यानंतर माझी डावी-उजवी आजतागायत चुकलेली नाही. मला झोपेतून उठवून फोटो दाखवा, मी बिनचूक सांगेन. याचा मला अभिमान होता.

शेजारच्या टेबलावर आमच्या खात्यातला दाढीवाला बसतो. त्याचा एक चुलता कंपाउंडर होता, एवढ्या भांडवलावर तो सगळ्यांची दुखणी तपासतो. मी फाइल डाव्या हाताने ओढताना त्याने पाहिलं, खुर्ची जवळ सरकवली आणि खालच्या आवाजात सांगितलं, की हृदयाचं दुखणं खांद्यात उतरतं. मी म्हणालो, ते डाव्या खांद्यात. त्यावर तो म्हणाला, सगळ्यांचं सगळं पुस्तकाप्रमाणे असतंच असं नाही. मी त्या दिवशी चार वेळा नाडी मोजली आणि चारही वेळा आकडा वेगळा आला. दुसऱ्या दिवशी दाढीवाल्याने निदान बदललं. त्याच्या बहिणीच्या सासऱ्यांचा म्हणे असाच खांदा दुखत होता, त्यांनी अंगावर काढला, आणि हात वाळत वाळत काठीसारखा झाला. मी घरी येऊन दोन्ही दंडांना सुतळी गुंडाळून मोजलं. उजवा दंड एका बोटाने कमी भरला. मग सुतळी कुठल्या हाताने घट्ट ओढली ते आठवेना. एका हाताने सुतळी गुंडाळून पाहा, म्हणजे कळेल.

भीती अशी घरात आली की ती सगळीकडे बसते. मी पाणी प्यायला उठलो तरी हाताकडे बघे. त्या कुशीवर झोपता येईना. आणि याच सुमारास आमच्या इमारतीची बैठक झाली. टाकीतल्या पाण्याची देखरेख माझ्याकडे सोपवावी असं कोणीतरी सुचवलं. अध्यक्षांनी विचारलं, कोणाचा विरोध असेल तर हात वर करा. सर्वांत कडवा विरोध माझाच होता. मी हात उचलला, तो छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याला ढकलायला डावा हात खाली लावला, तर लांबून ते नमस्कारासारखं दिसलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तेव्हापासून इमारतीत पाणी आलं नाही की लोक मला फोन करतात.

भांडं फुटलं ते बनियनमुळे. एका सकाळी बनियन डोक्यातून काढताना उजवा हात अर्ध्यावर अडकला. पुढे जाईना, मागे येईना. तोंडावर बनियन, एक हात वर, एक कुठे आहे ते मलाच कळत नव्हतं, आणि कळ अशी की डोळ्यांपुढे काजवे. (बनियनच्या आत काजवे फार स्पष्ट दिसतात.) मी पाच आठवड्यांचा स्वाभिमान सोडून हाक मारली. बायको आली, परत जाऊन कात्री घेऊन आली आणि मला बनियनमधून कापून बाहेर काढलं. मग ती पलंगाच्या कडेला बसली.

मी सगळं सांगितलं. पंखा, दांडा, कट् आवाज, दाढीवाल्याच्या बहिणीचे सासरे, सुतळी. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "म्हणून भांग बदलला होय?" आणि डोळे पुसले. माझ्या भांगावरून ही बाई पाच आठवडे काय काय मनात आणत बसली असेल, ते तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात आलं.

हाडांच्या डॉक्टरीणबाई उंचीने माझ्या खांद्याला लागत होत्या, पण त्यांनी तो खांदा असा काही ताब्यात घेतला की मी उभ्या उभ्या आकसलो. हात पुढून वर करा, बाजूने वर करा. मग दोन्ही हात समोर धरून, पेल्यातलं पाणी ओतताना करतो तसे अंगठे खाली करायला सांगितले आणि वरून दाबलं. डावा तसाच राहिला, उजवा खाली गेला. शेवटी त्यांनी माझा उजवा हात स्वतः वर उचलला आणि म्हणाल्या, आता मी सोडते, तुम्ही हळूहळू खाली आणा. त्यांनी सोडला. मी हळूहळू आणायचा विचार करत होतो तोवर तो धप्पकन मांडीवर आदळला होता. मी बायकोकडे पाहिलं. ती हसेल म्हणून पाहिलं होतं, पण तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मग मी खरोखर घाबरलो.

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा खांदा पुढे ओढून समजावलं. खांद्याचा गोळा एका उथळ बशीत बसलेला असतो. तो घसरू नये म्हणून चार स्नायूंचे पट्टे त्याला वेढून धरतात, शर्टाचा कफ मनगटाला धरतो तसे. म्हणून त्याला रोटेटर कफ म्हणतात. वय झालं की हे पट्टे विरतात. त्यातून कोणी वर्षानुवर्षं हात वर करून काम करत असेल तर आणखी विरतात, आणि मग एक दिवस एखादा हिसका बसतो. तुमचा पट्टा पंख्यापायी फाटला नाही, त्या म्हणाल्या, पंखा नुसता निमित्त झाला. पंधरा फुटी कपाटांतून सव्वीस वर्षं फोटोंचे खोके काढणारा मी, मला ते पटलं. नेमका किती फाटलाय ते एमआरआयमध्ये दिसेल. थोडा असेल तर व्यायामाने भागतं, बहुतेकांचं भागतं. पूर्ण फाटला असेल आणि हात उचलतच नसेल, तर लहान भोकं पाडून शिवावा लागतो.

यातलं 'बहुतेकांचं भागतं' बायकोने ऐकलं. मी 'भोकं' ऐकलं.

एमआरआयला तीन दिवस होते. त्या तीन दिवसांत मी ऑपरेशनचं टेबल, भूल, भुलीतून न उठणं, या क्रमाने सगळं भोगून घेतलं. मनाची तयारी असावी म्हणून एका संध्याकाळी स्वतःचा एक बरा फोटो काढून पाकिटात घातला. चार जणांचा फोटो होता, म्हणून मागे सवयीने पेन्सिलीने लिहून ठेवलं, 'डावीकडून दुसरे: कै.' आणि पुढे नाव. पाकीट कपाटात साड्यांच्या वर ठेवलं, म्हणजे वेळेला सापडेल. ते वेळेच्या फारच आधी सापडलं.

बायको पाकीट घेऊन समोर उभी राहिली. "खांद्याच्या ऑपरेशनने माणूस मरत नाही."

"मरत नाही," मी म्हणालो, "पण घाबरतो ना."

तिने फोटोच्या मागचा 'कै.' खोडरबराने खोडला, नीट, कागद न फाटू देता.

"मग घाबरा," ती म्हणाली. "पण मला सांगून घाबरा. मी एकटीने किती अंदाज बांधायचे?"

मला फार बरं वाटलं. इतकं, की दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी आदल्या दिवशीच्या शर्टाच्या खिशात विसरून मी तपासणीला गेलो.

काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, हरकत नाही, हा फॉर्म भरा, कुठे दुखतं तिथे चित्रावर खूण करा आणि सही करा. बायको खुर्च्यांवर बसून माझं पाकीट, घड्याळ, पट्टा, चष्मा असं सगळं सांभाळत होती. फॉर्मवर एका माणसाचं चित्र होतं, समोर तोंड करून, हात लोंबकळत सोडून उभा. मी सव्वीस वर्षांच्या अनुभवाने उजवीकडच्या खांद्यावर ठसठशीत फुली मारली. खाली बारीक अक्षरात काही होतं, पण चष्मा बायकोकडे होता. सही केली.

आत एक भलंमोठं पिंप आडवं ठेवलेलं होतं आणि त्यात मला घालणार होते. तंत्रज्ञ पोरगेलासा पण गंभीर होता. त्याने मला झोपवलं आणि डाव्या खांद्यावर एक जड पट्टा बांधला. मला ते दिसलं. मी काही आंधळा नाही. पण क्षणभरच विचार केला आणि उलगडा झाला: फोटोची निगेटिव्ह उलटी असते. डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. मग एवढं मोठं यंत्र, त्याचंही तसंच असणार. ते डावीकडून बघत असेल तेव्हाच उजवं दिसत असेल. ज्याला फोटोतलं काही कळत नाही अशा माणसाने इथे गोंधळ घातला असता, असा विचारही माझ्या मनात आला. तंत्रज्ञाने विचारलं, "हाच ना?" मी जाणकारासारखी मान हलवली.

आत गेल्यावर जाणकारी संपली. नाकापासून वीतभर अंतरावर छत, आणि चारी बाजूंनी कोणीतरी पत्रा ठोकतंय असा आवाज. हातात एक रबरी फुगा दिला होता, फारच घाबरलात तर दाबा म्हणून. मी तो सहा वेळा दाबला. तिसऱ्या वेळेनंतर तंत्रज्ञाने स्पीकरवरून सांगितलं की काका, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मी डोळे मिटले आणि बायकोचा खोडरबर आठवत राहिलो.

रिपोर्टचं पाकीट तिने मला हात लावू दिलं नाही. ते थेट डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर उघडलं. बाईंनी फिल्म उजेडाला लावली, कपाळाला आठी घातली. "पूर्ण फाटलाय पट्टा," त्या म्हणाल्या. बायकोने माझा हात धरला. मग बाईंनी पुन्हा माझा उजवा हात हलवून पाहिला, पुन्हा फिल्म पाहिली, आणि विचारलं की हा कुठला खांदा काढलाय.

मी त्यांना निगेटिव्हचा सिद्धांत समजावून सांगितला. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग त्या बायकोकडे वळून म्हणाल्या, की यांच्या चांगल्या खांद्याचा एमआरआय झालेला आहे.

"पण तो चांगला आहे ना?" बायकोने विचारलं.

"बघू या," बाई म्हणाल्या. "डावा हात वर करा." मी केला. सरळ कानाला लागला. दुखतो का, नाही. रात्री, नाही. दाबला तरी नाही. मग त्यांनी शांतपणे सांगितलं, की पन्नाशीनंतर कितीतरी लोकांचा पट्टा असा फाटलेला असतो आणि त्यांना जन्मभर पत्ता लागत नाही. बाकीचे पट्टे काम उचलून धरतात. आम्ही चित्राला औषध देत नाही, माणसाला देतो. डावा विसरून जा.

विसरून जा म्हणे. उजव्याची तपासणी त्याच दुपारी करायची ठरली. बायको माझ्यासोबत काउंटरपर्यंत आली, फुली तिने स्वतः मारली, चिठ्ठी तिने स्वतः दिली, आणि तंत्रज्ञाला माझा उजवा दंड हाताने दाखवून आली. तेवढ्यात पहिला रिपोर्ट माझ्याजवळ राहिला. मी बाकावर बसून, चष्मा लावून, फोनवर एकेक शब्द शोधत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. पट्टा किती मिलीमीटर फाटलाय, मागे किती सरकलाय, सगळं. ज्या हाताने पाच आठवडे मी पिशव्या उचलल्या, दारं ढकलली, त्याच हाताने तो कागद धरला होता. दुसऱ्या पानावर आलो तेव्हा मी तो कागद हळूच उजव्या हातात घेतला.

उजव्याचा निकाल चांगला निघाला. पट्टा अर्धवट फाटला होता, पूर्ण नाही. ऑपरेशन नको. गोळ्या, वरच्या फळीला हात लावायचा नाही, आणि तीन महिने व्यायाम. आधी हात नुसता झुलवायचा, मग बोटांनी भिंतीवर चढवायचा, मग रबरी पट्टा ओढायचा. मला आनंदाने रडू आलं, आणि डोळे पुसायला डावा हात उचलला, तर तो छातीपर्यंतच आला.

डॉक्टरीणबाईंनी तो तपासला. कालपर्यंत कानाला लागत होता, त्या म्हणाल्या. मी म्हणालो, काल मला माहीत नव्हतं.

आता तीन महिने झाले. उजवा हात पूर्ण वर जातो. मी रोज नेमाने व्यायामाला जातो, डाव्याच्या. तिथे समोरच्या खुर्चीवर एक आजीबाई बसलेल्या असतात, त्यांचा खांदा जिन्यावरून पडून खरोखरीचा फाटला होता. मी भिंतीवर डाव्या हाताची बोटं चढवत कण्हत होतो, तेव्हा त्यांनी कळवळून माझ्या बायकोला विचारलं, की तुमचे हे कुठे पडले होते का.

"नाही हो," बायको म्हणाली. "रिपोर्ट वाचला त्यांनी."